नाइस या शब्दाचा जुना अर्थ खरंच 'मूर्ख' होता का?

प्रश्न: मुलीला इंग्रजी शिकवताना 'अ नाइस डिस्टिंक्शन' असं आलं, 'छान फरक' म्हटलं तर वाक्याला काही अर्थच लागेना, डिक्शनरी उघडली तर जुना अर्थ मूर्ख दिलाय! हे कसं काय?

उत्तर १: बरोबर दिलाय. मूळ लॅटिन 'नेस्किउस', ने म्हणजे नाही आणि स्किरे म्हणजे जाणणं, थोडक्यात अडाणी (सायन्स पण याच स्किरेमधून आलाय). जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या आसपास इंग्रजीत आला तेव्हा मूर्ख, मग चोखंदळ, मग नाजूक, मग अगदी बारकाईचा असं करत करत छान हा अर्थ १८ व्या शतकात रुळला. तुमच्या वाक्यात तो बारकाईवाला अर्थ टिकून राहिलाय, 'सूक्ष्म फरक' घ्या.

उत्तर २: जेन ऑस्टेनच्या 'नॉर्दँगर ॲबी' या कादंबरीत हेन्री टिल्नी यावरूनच कॅथरीनला चिडवतो, की आता दिवस नाइस, फेरफटका नाइस, सगळंच नाइस! शब्द बदलत असतानाच लेखिकेने बरोब्बर पकडलाय, मला फार आवडतं ते.

प्रश्नकर्ती: वा! मग 'नाइस अँड हॉट'चं काय?

उत्तर १: तिथे तो पुढच्या शब्दाला जोर देतो, आपण मस्त गरम म्हणतो ना तसं. फक्त नामाच्या आधी अँड नको, 'अ नाइस हॉट कप ऑफ टी' म्हणायचं. मुलीला हे नक्की सांगा, इथे बरेच जण चुकतात.