मदत हवी आहे: कपडे सोडून हिऱ्यांच्या नादी लागलेय

बारा वर्षं कपडे डिझाइन करतेय, आता हिऱ्यांचे दागिने करायचं डोक्यात बसलंय. (कोको शनेलनेही १९३२ मध्ये हेच धाडस केलं होतं, पण ती शनेल होती!)

नमुन्याची पहिली अंगठी १८ कॅरेट सोन्यात करून घेतली. दिसायला झकास, पण हिरा धरणाऱ्या नख्या शिफॉनच्या बाहीत अडकून धागे ओढतात. कारागीर म्हणतो, आणखी घासल्या तर हिरा सुटेल. मग हिऱ्याभोवती सोन्याची सलग कड घ्यावी का? त्याने चमक कितपत मरते? आणि १४ कॅरेट, म्हणजे साधारण ५८.५ टक्के सोनं, जास्त कडक म्हणून रोजच्या वापराला बरं पडेल का?

कपड्यात चुकलं तर उसवता येतं हो, इथे काय करायचं? ज्यांनी स्वतः करून घेतलंय, त्यांनी जरूर सांगा.