उंदराच्या अंगातला उजेड मोजून गाठीची वाढ सांगावी का?

धागाकर्ता:
लुसिफरेजचं (उजेड पाडणाऱ्या विकराचं) जनुक घातलेल्या कर्करोगाच्या पेशी उंदरात सोडतात, लुसिफेरिन (ते विकर ज्यावर काम करून उजेड पाडतं ते रसायन) टोचतात आणि अंधाऱ्या पेटीतल्या थंड कॅमेऱ्यानं उजेड मोजतात. तोच उंदीर महिनाभर तपासता येतो, दर आठवड्याला काही मारावे लागत नाहीत. हे मोलाचं आहेच. पण उजेड निम्मा झाला की ‘औषधानं गाठ निम्मी झाली’ असं लिहिणं मला साफ चूक वाटतं. या अभिक्रियेला ऑक्सिजन आणि एटीपी (पेशीतलं ऊर्जा पुरवणारं रसायन) लागतं. मोठ्या गाठीचा गाभा रक्ताविना मरतो तेव्हा गाठ फुगत असतानाच उजेड घटतो. औषध रक्तवाहिन्यांवर काम करणारं असेल, तर लुसिफेरिनच आत कमी पोचतं.

प्रतिसाद १:
असहमत. आकडे हलतात ते बहुधा कामातल्या ढिलाईनं. लुसिफेरिनचं द्रावण मिलीलिटरला १५ मिलिग्रॅम, डोस वजनाच्या दर ग्रॅमला १० मायक्रोलिटर. म्हणजे २० ग्रॅमच्या उंदराला २०० मायक्रोलिटर. पोटात टोचताना सुई आतड्यात शिरली तर उजेड एकदम मंद येतो आणि तो औषधाच्या खात्यावर जमा होतो! दहाव्या मिनिटाला एकच फोटो काढून थांबू नये. उतार लागेपर्यंत दर २-३ मिनिटांनी काढावा आणि शिखराचा आकडा धरावा. आयसोफ्लुरेनच्या भुलीखाली उंदीर गार पडतो, म्हणून खालची पाटी ३७ अंशांवर हवीच.

धागाकर्ता:
शिखर धरलं तरी गाठ किती खोल आहे त्याचं काय? ६०० नॅनोमीटरखालच्या तरंगलांबीचा बराचसा उजेड रक्तातलं हिमोग्लोबिन गिळतं. यकृतातल्या गाठीचा आकडा कातडीखालच्या गाठीशी ताडताच येत नाही. सी५७ या काळ्या जातीच्या उंदरांत आणखी एक फसगत: पाठ भादरल्यावर गुलाबी दिसते, पण केस पुन्हा उगवायच्या बेतात असले की कातडीवर करडे-काळे चट्टे येतात आणि नेमका चट्ट्याखालचा उजेड कमी दिसतो. पांढरे उंदीर घ्यावेत.

प्रतिसाद २:
कातडीखालच्या गाठीला कॅलिपर (बाहेरून लांबी-रुंदी मोजायचा चिमटा) आहेच. आकारमान म्हणजे लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन. पण कॅलिपर मेलेला गाभा आणि सूजही गाठीतच मोजतो, हे विसरू नका. फुप्फुसात किंवा हाडात पसरलेल्या पेशी शोधायला तर कॅलिपर कुचकामी. तिथे उजेडच हवा.

प्रतिसाद १:
मान्य. निदान शेवटच्या दिवशी गाठ काढून वजन करावं, तिचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत आणि उजेडाशेजारी तो आकडा छापावा. तेवढं केलं तर उजेडाच्या आकड्यावर भरवसा ठेवावा, हा माझा आग्रह कायम आहे.