हवा तोच निळा, मॅन्युअल, सनरूफ नको: बेळगावात अशी गाडी मिळते का ओ?

केसिंगवाला (खानापूर)

नमस्कार मंडळी. दोन जुन्या गाड्या वापरून झाल्या, आता आयुष्यात पहिल्यांदा कोरी गाडी घ्यायलोय. कंपनीचं आणि शोरूमचं नाव लिहीत नाही, माझं भांडण माझ्यापाशी. मला पाहिजे ते एवढंच: पेट्रोल, मॅन्युअल, मधलं व्हेरियंट, मागच्या काचेला वायपर, सनरूफ नको आणि रंग गडद निळा. ब्रोशरच्या सातव्या पानावर आहे तो.

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी उतरला आणि सगळा तालुका शोरूमात घुसला. मीही दसरा झाल्या झाल्या 21 हजार भरून बुकिंग केलं. सहा आठवडे सांगितले होते, आता पंधरावा चाललाय. दर सोमवारी मी फोन करतो आणि दर सोमवारी नवीन रंग ऐकतो. आधी पांढरी घ्या म्हणाले, रिसेल चांगला. आमच्या लाल मातीत पांढरी गाडी जूनपासून चार महिने गेरू फासल्यागत दिसते, ते त्यांना कोण सांगणार. मग करडी. गेल्या आठवड्यात फोन आला, "निळी आलीय सर, लगेच या." अर्धी रजा टाकून गेलो. यार्डात उभी होती ती सावलीत निळी आणि उन्हात राखाडी. म्हटलं, हा तो निळा नव्हे. पोरगा म्हणतो, "कलर यावुदादरेन्री सर (कलर कुठला का असेना), निळाच आहे की."

इथं माझं डोकं फिरलं. मी उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, पंपाच्या केसिंगवर (बाहेरच्या कवचावर) 19 वर्षं काम करतोय. आमच्यात रंगवून जाणाऱ्या मालाला गिऱ्हाइकाचं शेड कार्ड भिंतीला टांगलेलं असतं. एकदा आरएएल 5010 (आरएएल म्हणजे रंगांच्या छटांचे ठरलेले नंबर) मागितला होता आणि चुकून 5015 चा डबा उघडला गेला. दोन्ही निळेच की! अख्खा लॉट परत आला आणि आम्ही तिघं रात्रपाळीला बसून पेंट खरवडत होतो. पंपाच्या केसिंगला तो नियम, आणि माझ्या दहा लाखांच्या गाडीला "निळाच आहे की"?

आता त्यांचं म्हणणं, तोच निळा लगेच हवा असेल तर टॉप व्हेरियंट घ्या, ते यार्डात आहे. त्याला सनरूफ. आमच्या घराभोवती तीन फणस आणि वानरांची एक टोळी आहे. छपराला काच लावून मी काय करू? मधलं 9 लाख 90 हजार, टॉप 10 लाख 60 हजार, दोन्ही एक्स-शोरूम, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स सोडून. 70 हजारांचाच फरक आहे म्हणतात.

तिकडं कोल्हापुरात नेमकी हवी ती गाडी उभी आहे, असं मेहुण्यानं सांगितलं. आणि शिनोळीची (हद्दीपलीकडं, महाराष्ट्रात) मावशी म्हणते, माझ्या पत्त्यावर कोल्हापूरचा एमएच-09 नंबर करून टाक, टॅक्सही कमी पडतो.

थांबू, टॉप घेऊ, की कोल्हापूर गाठू?

नाक्यावरचा (निपाणी)

दादा, मी आठ वर्षं गाड्या विकल्या, आता सोडलं, म्हणून मोकळेपणी लिहितो. कारखान्यात तुमच्या नावानं गाडी रंगत नाही. डीलर दर महिन्याला मागणी टाकतो, अमुक व्हेरियंटच्या इतक्या, तमुक रंगाच्या इतक्या. त्याचे पैसे गाडीत अडकतात, त्यामुळं पटकन खपणारीच तो मागवतो. पांढऱ्या दहा मागवल्या तर दहा जातील हे त्याला माहीत असतं. मधल्या व्हेरियंटची निळी मागवली आणि तुम्ही ऐन वेळी माघार घेतली तर ती त्याच्या गळ्यात. म्हणून तुमची ऑर्डर फाइलीत पडून राहते आणि तुम्हाला "कंपनीकडून येईना" असं सांगितलं जातं. कधी ते खरंही असतं. पण निम्म्या वेळा मागणीच गेलेली नसते.

फोनवर "गाडी कधी येणार" विचारायचं बंद करा. "माझ्या बुकिंगवर गाडी अलॉट झाली का, चासी नंबर काय" एवढंच विचारा. नंबर नसला तर गाडी नाही. आणि सेल्सच्या पोराला नव्हे, मॅनेजरला भेटा. बुकिंग फॉर्मवर ब्रोशरमधलं रंगाचं पूर्ण नाव, व्हेरियंट, मॅन्युअल, "दुसरा रंग चालणार नाही, न मिळाल्यास पूर्ण रक्कम परत" असं लिहून सही-शिक्का घ्या. तुमच्या फॉर्मवर आत्ता काय लिहिलंय ते जरा बघा. नुसतं "ब्लू" असणार, पैज लावतो.

निळी मिळवून देतो, पण 25 हजारांचा अ‍ॅक्सेसरी किट घ्यावा लागेल, असं म्हणतील. घ्यायची सक्ती नाही. इन्शुरन्सही त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरून दोन कोटेशन आणून टेबलावर ठेवा, भाव तिथंच उतरतो.

खडेबाजार_हिशोब

70 हजारांचाच फरक? कागद-पेन घ्या.

कर्नाटकात गाडीचा लाइफटाइम टॅक्स 5 ते 10 लाखांपर्यंत 14 टक्के, 10 लाखांच्या वर गेलात की 17 टक्के, आणि त्या टॅक्सवर 11 टक्के सेस (उपकर). म्हणजे 15.54 आणि 18.87. आणि 17 टक्के वरच्या 60 हजारांवर लागत नाहीत, अख्ख्या किमतीवर लागतात, इथंच माणूस फसतो.

मधलं: 9,90,000 वर 1,53,846.
टॉप: 10,60,000 वर 2,00,022.

टॅक्सलाच 46 हजार जास्त. म्हणजे नको असलेलं सनरूफ 1 लाख 16 हजारांना पडलं. वर 10 लाखांपुढं 1 टक्का टीसीएस (विकतानाच घेतात तो इन्कम टॅक्स) कापतात, तो रिटर्न भरल्यावर मिळतो, पण आज खिशातून जातोच. इन्शुरन्सही वाढेल, ते धरलेलं नाही.

मावशीचा हिशोब तसा चुकीचा नाही. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के, म्हणजे 1,08,900. 45 हजार वाचतात. पण तुम्ही राहता खानापुरात, गाडी रोज उद्यमबागेत. मोटार वाहन कायद्याचं कलम 47 म्हणतं, दुसऱ्या राज्याची गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर इथला नंबर घ्यायचा. मग इथला टॅक्स भरा, कोल्हापूर आरटीओची एनओसी आणा, तिकडचे उरलेले पैसे परत मागायला खेटे घाला. माझ्या चुलतभावानं हे सगळं केलंय. शेवटी तीही गाडी बेळगावच्या केए-22 नंबरचीच झाली, वर एक चप्पल झिजली ती वेगळीच.

आक्का_तिळकवाडी

कोल्हापूरहून आणायचीच असेल तर सरळ मार्गानं आणा की. तिथं टेम्पररी रजिस्ट्रेशन करायचं, टॅक्स आणि कायमचा नंबर इथं. मात्र बाहेरच्या राज्याचं गिऱ्हाईक म्हटल्यावर काही डीलर कां-कू करतात, आधी विचारून घ्या.

मी दोन वर्षांपूर्वी लाल घेतली. गाडी बघायच्या आधी पूर्ण पैसे भरले, ही माझी चूक. दारात आली ती लालच, पण आधीच्या वर्षाच्या नोव्हेंबरातली. नवीन वर्षात जुन्या सालाची गाडी म्हणजे विकताना एक वर्ष फुकट गेलं. विक्रीचा फॉर्म 21 असतो ना, त्यात गाडी बनल्याचा महिना-साल आणि बॉडीचा रंग दोन्ही लिहावं लागतं. ते वाचल्याशिवाय सही करायची नाही. टायरवर चार आकडे असतात, 3825 म्हणजे 2025 चा 38 वा आठवडा. तेही बघायचे. आणि हे सगळं नंबर पडायच्या आधी. एकदा रजिस्ट्रेशन झालं की तुमची नाराजी कुणी ऐकत नाही.

आमच्या गल्लीतल्या एकानं पांढरी घेऊन वरून निळा रॅप (चिकटवायची रंगीत फिल्म) मारायचा सल्ला दिला होता. आरसीवर पांढरा आणि रस्त्यावर निळा, पोलिसानं हात दाखवला की उत्तर काय? आरटीओत नोंद करून घ्यावी लागते.

सीटकव्हर बाहेरून शिवणार असाल तर जरा जपून. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर तिथली शिवण त्यासाठीच केलेली पाहिजे. साधं कव्हर घट्ट बसवलं तर बॅग नीट उघडत नाही.

केसिंगवाला (खानापूर)

सगळ्यांचे आभार. निपाणीच्या दादा, पैज जिंकलात. फॉर्मवर "ब्लू" एवढंच होतं, तेही पेन्सिलीनं.

सोमवारी फोन न करता स्वतः गेलो, मॅनेजरला भेटलो. खडेबाजारकरांचा हिशोब पुढं ठेवला आणि म्हटलं, टॉप विषय बंद. माझी मागणी कंपनीला कधी टाकली ते कॉम्प्युटरवर दाखवा. त्यानं बराच वेळ माउस फिरवला. दिसली मागच्या शुक्रवारची तारीख! पंधरा आठवड्यांत पंधरा फोन केले आणि मागणी गेली ती मी यार्डात तमाशा केल्यावर. काय बोलणार. फॉर्म नवीन लिहून घेतला, रंगाचं पूर्ण नाव, सही, शिक्का. अ‍ॅक्सेसरीत फक्त मडफ्लॅप आणि मॅट घेतले.

केसिंगवाला (खानापूर)

तीन आठवड्यांनी लिहितोय. चासी नंबर आला, गाडी जानेवारी 2026 ची, काल यार्डात उतरली. संध्याकाळी सातला बघायला या म्हणत होते, ती सावलीत निळी, उन्हात राखाडी आठवून नको म्हटलं. ट्यूबलाइटखाली मला काय कळणार. शनिवारी भर दुपारी बाराला जातोय, ब्रोशरचं सातवं पान फाडून खिशात ठेवलंय. मावशीला मात्र केए-22 चं अजून सांगितलेलं नाही.