यादी काढा

बी-४०४ काकू: काल रात्री सभासदांची यादी कोणी टाकली? नाव, फ्लॅट, मोबाईल, जन्मतारीख, गाडीचा नंबर, सगळं उघडं! कृपया लगेच काढा.

सेक्रेटरी: काकू, मीच टाकली. मीटिंगमध्ये ठरलं होतं ना. आपलाच ग्रुप आहे.

ए-१०२: आपलाच? घर सोडून गेलेले भाडेकरू अजून आहेत यात.

बी-४०४ काकू: यादी काढा.

सी-३०१ ताई: 'मिस्टर रोबोट' मालिकेतला एलियट त्याच्या समुपदेशक बाईंचा पासवर्ड कसा ओळखतो माहितीये? आवडता कलाकार आणि उलटं लिहिलेलं जन्मसाल! आपण जन्मतारखा आयत्या वाटल्यात.

सेक्रेटरी: ताई, ती मालिका आहे. इथे कोण हॅकर बसलाय?

ए-१०२: हॅकरचं सोडा. माझ्या पार्किंगमध्ये कोणाची गाडी असते ते आज यादीतून कळलं 😄

सी-२०३: पाहुणे होते साहेब. दोनच दिवस.

ए-१०२: दोन दिवस की दोन महिने?

बी-४०४ काकू: पार्किंग नंतर. यादी काढा.

डी-५०१ आजोबा: नातवाने 'ब्लॅक मिरर'मधला २०२३चा 'जोन इज ऑफुल' भाग दाखवला. त्या बाईचं रोजचं जगणं परस्पर मालिकेत दाखवतात. वकील सांगते, अटी तुम्हीच मान्य केल्यात. मी तर नंबर दिला होता लिफ्ट बंद पडली तर कळवायला.

सेक्रेटरी: आजोबा, फॉर्मवर सह्या आहेत सगळ्यांच्या.

सी-३०१ ताई: सही ऑफिसच्या नोंदीसाठी होती, ग्रुपसाठी नाही. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसरीकडे गेली की झाली गळती, हॅकर लागतच नाही. २०१८ मध्ये उघड झालेलं केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण आठवा. फेसबुकवरच्या एका ॲपमधली व्यक्तिमत्त्व चाचणी दिली साधारण २.७ लाख लोकांनी, माहिती गेली ८.७ कोटींपर्यंत लोकांची. बाकीच्यांनी काहीच केलं नव्हतं, त्यांच्या मित्रांनी ॲप घेतलं होतं एवढंच. यादीत माझी आई आहे. ती या ग्रुपवर नाहीसुद्धा. तिला कोणी विचारलं?

सी-२०३: ताईंचं पटतंय.

सेक्रेटरी: बरं बाबा. सगळ्यांसाठी डिलीट केली. झालं समाधान?

बी-४०४ काकू: आभारी आहे. पण ज्यांनी डाउनलोड केली त्यांच्याकडे ती आहेच. फोनमधूनही काढा प्लीज.

ए-१०२: काढली.

सी-२०३: मीपण.

सी-३०१ ताई: आणि सोडून गेलेले भाडेकरू?

सेक्रेटरी: काढतो. पण एकेक नंबर ताडून बघायला यादी लागेल.

बी-४०४ काकू: ऑफिसात बसून बघा. इथे टाकू नका.