मदत हवी आहे: बाळाच्या स्वेटरला अ‍ॅक्रेलिकची (कृत्रिम धाग्याची) लोकर चालेल का?

मंडळी, नणंदेला डिसेंबरमधे बाळ होणारे, नाशिकची थंडी माहितीये ना, म्हणून स्वेटर-टोपडं विणायला घेतलंय. दुकानातून बेबी वूल म्हणून चार गुंडे आणले, मऊ एकदम, पण सासूबाई म्हणाल्या ही खरी लोकर नव्हेच. मग एक धागा जाळून बघितला तर वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला, खऱ्या लोकरीला येतो तसा केस जळल्यासारखा वास अजिबात नाही, म्हणजे अ‍ॅक्रेलिकच की हो!

आता फायदे दिसतायत, मशीनला धुता येतं, आटत नाही, कसर लागत नाही, खऱ्या लोकरीसारखं टोचतही नाही. पण घाम शोषत नाही म्हणतात, मग बाळाला घामोळं आलं तर? आतून सुती झबलं घातलं की पुरे का? आणि दिवा, शेगडी जवळ असते तिथे वितळणारं कापड नकोसंच वाटतं मला.

अजून एक, माझ्या जुन्या स्वेटरवर गरम इस्त्री फिरवली तर तो पार लुळा पडला, परत आकारात आणता येतो का? आणि स्वेटरच्या काखेत धाग्याचे गोळे येतात ते कशाने काढता?

दोन गुंडे अजून उघडलेले नाहीत, बदलून मेरिनो (मेंढीची मऊ, खरी लोकर) घेऊ का? अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज.