मदत हवी आहे: जुलै लागला की गोळी पंचाला (दाबणाऱ्या साच्याला) चिकटते, डीटीही (पाण्यात गोळी फुटायला लागणारा वेळ) वाढतो

अंधेरी_प्रॉडक्शन:
अंधेरीतलं छोटं युनिट. २५० मिग्रॅची बिनकोटिंगची गोळी, वेट ग्रॅन्युलेशन (पावडर ओली करून दाणे पाडतो). लॅक्टोज मोनोहायड्रेट, एमसीसी (सेल्युलोज), दाणे बांधायला पीव्हीपी के-३०, गोळी फोडायला सोडियम स्टार्च ग्लायकोलेट, चिकटू नये म्हणून ०.७५ टक्के मॅग्नेशियम स्टिअरेट. मेपर्यंत माल सुरळीत चालतो, पावसाळ्यात पंचावरच्या अक्षरांत पावडर अडकते. एफबीडीतून (गरम हवेच्या ड्रायरमधून) निघताना एलओडी (वाळवल्यावर घटणारं वजन, म्हणजे ओल) २ टक्के, म्हणजे मर्यादेत. साध्या पीव्हीसी ब्लिस्टरमध्ये डीटी ४ मिनिटांवरून ११ वर गेलाय. स्टिअरेट वाढवू का? जाणकारांनी सांगावं.

दाणेदार:
स्टिअरेटला हात लावू नका. ते पाणी दूर ठेवतं, त्यामुळे वाढवलंत तर हार्डनेस उतरेल आणि डीटी आणखी लांबेल. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला!

ओल एफबीडीनंतर शिरतेय का ते आधी बघा. एलओडी चार जागी घ्या: एफबीडीतून, ब्लेंडनंतर, पिंप उघडल्यावर, आणि मशीन दोन तास चालल्यावर हॉपरमधून (मशीनवर माल भरायच्या भांड्यातून). माल गरम असतानाच पिशवी बांधली असेल तर वाफ आतून धरते आणि वरच्या थरात खडे होतात. हे हाताला लगेच कळतं.

हॅलोजन बॅलन्स (माल तापवून एलओडी मोजणारा काटा) किती अंशांवर लावताय? लॅक्टोजमध्ये स्फटिकातलंच पाणी ५ टक्क्यांच्या आसपास असतं. १०५ अंशांवर त्यातलं थोडं सुटलं तर आकडा फसवतो. तापमान एकच ठेवा आणि कार्ल फिशरशी (पाणी मोजणाऱ्या रासायनिक चाचणीशी) ताडून घ्या.

अंधेरी_प्रॉडक्शन:
ब्लेंडनंतर २.१, हॉपरमध्ये ३.४. खोलीचा आरएच (हवेतली सापेक्ष आर्द्रता) ६८ टक्के. एसी तर चालूच आहे.

दाणेदार:
मग चोर खोलीतच आहे. खोली गार झाली की कॉम्प्रेसर बंद पडतो आणि ओल निघायची थांबते. २५ अंशांना ४५ च्या आसपास आरएच हवा असेल तर डेसिकंट डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषून घेणारं यंत्र) लावा. तोवर हॉपर अर्धाच भरा, वर झाकण ठेवा. पीव्हीपी ओल पिऊन मऊ, चिकट होतं. अक्षरांत अडकतंय ते बहुधा त्यामुळेच.

भीतीपोटी जास्त मात्र वाळवू नका. दाणे फार कोरडे झाले की गोळीची टोपी उडते, म्हणजे वरचा थर सुटतो. आणि वाळवणं घड्याळावर थांबवू नका. एफबीडीचा हीटर हवा तापवतो, तिच्यातलं पाणी काढत नाही. त्यामुळे मेमधली वेळ जुलैत पुरत नाही.

ब्लिस्टरबाबा:
डीटीचं दुखणं वेगळं. पीव्हीसीतून बाष्प आत जातं, ग्लायकोलेट ओल घेऊन गोळीतच थोडं फुगतं, मग पाण्यात पडल्यावर जोर उरत नाही. त्याच बॅचच्या गोळ्या पीव्हीसी, पीव्हीडीसी (लेप दिलेलं पीव्हीसी) आणि ॲलू-ॲलूत (दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम) भरून ४० अंश, ७५ टक्के आरएचला ठेवा. दर महिन्याला डीटी, हार्डनेस आणि पाणी तपासा. ॲलू-ॲलूत डीटी जागेवर राहिला तर फॉर्म्युला बदलायची गरज नाही. पण भरण्याआधी गोळ्यांचा एलओडी बघा. आत कोंडलेली ओल तिथून बाहेर पडत नाही.

मूळ औषध कोणतं तेही सांगा. ॲस्पिरिनसारखं एस्टर असेल तर ओलीने ते फुटतं, पट्टी उघडताच व्हिनेगरचा वास येतो, आणि स्टिअरेटने त्याला आणखी जोर चढतो.