पट्टी भरली तरी पेन ड्राइव्ह लगेच काढू नका
भाऊ, डबल कमांडर या फाइल हाताळायच्या प्रोग्राममध्ये कॉपीची खिडकी लपूनच राहते म्हणता. ऑप्शन्समध्ये फाइल ऑपरेशन्स उघडा. प्रगती सुरुवातीला कुठं दाखवायची ते तिथं ठरतं. वेगळी खिडकी निवडा. आमच्या दारव्ह्याकडे लाईन कधी जाईल नेम नाही, म्हणून मला ती डोळ्यासमोरच लागते.

पण लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर त्या खिडकीतल्या प्रगतीच्या पट्टीच्या भरवशावर राहू नका. 100 टक्के दिसलं तरी बराच डेटा रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीतच असतो, पेन ड्राइव्हवर मागून उतरतो. खरिपात एका शेतकऱ्याचे पीक विम्याचे स्कॅन केलेले कागद माझ्याकडून असेच अर्धे गेले. लाल दिवा लुकलुकतच होता अन् मी ड्राइव्ह ओढला. शेतकरी तालुक्याहून परत आला, त्याचा दिवस बुडाला. आता टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) सिंक (sync) कमांड देतो, ती रॅममधला उरलेला डेटा ड्राइव्हवर उतरवते, ती संपेपर्यंत हात लावत नाही.